टिपाडाचं झाकण

आमच्या वऱ्हाडात गंज म्हणजे भात शिजवायचं भांडं. त्यामुळे "टिपाडाला गंज लागलाय" असं पुण्याकडचं कोणी म्हटलं की माझी माय आधी हसून घेते. आमच्याकडे लागतो तो जंग. आणि यंदा तो असा लागला की झाकण निघेचना.

गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, नळ येतो आठ-आठ दिवसांनी, तोही पाऊण तास. म्हणून अंगणात २०० लिटरची दोन लोखंडी टिपाडं. वरचा पत्रा कापून वेल्डरकडून काठावर बसणारं झाकण करून घेतलेलं, खाली तोटी. खरी गोम त्या तोटीतच. पाणी खालून घेतो, त्यामुळे झाकणाला आठ-आठ दिवस कोणी हात लावत नाही. आत वाफ धरते, रात्री थेंब झाकणाच्या दुमडीत जमतात, तिथे हवाही मिळते आणि ओलही. त्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि खाऱ्या पाण्याच्या हाताचे शिंतोडे. लोखंडाचा जंग होताना तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो. फट भरते आणि झाकण पाचर मारल्यासारखं आवळतं.

मागच्या वर्षी पहिलं टिपाड असंच अडकलं. नळ सुरू झालेला, पाणी नालीत चाललेलं. काकांनी छन्नी लावून हातोडा घातला. झाकण निघालं, पण काठ वाकला. मग ते कधी नीट बसलंच नाही.

या वेळी मी हातोडा घेतला तशी माय ओरडली, "मारू नको ना बाप्पा! काठ वाकला तं मंग ते जलमात बसत नाही. थांब, आंधन ठेवतो."

उकळतं पाणी तिने फक्त झाकणाच्या कडेवरून गोल फिरवत ओतलं, मधे नाही. कड तापून फुगते, आतला काठ अजून थंड असतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नसेल, पण तेवढा पुरतो. मग कपडे धुवायची मोगरी घेऊन कडेने हलकं हलकं ठोकत गेली. आधी आवाज बद्द, बद्द. तिसऱ्या फेऱ्याला एका जागी 'ठण' वाजलं. माय म्हणाली, "सुटलं इथून." तपकिरी पापुद्रे पायावर पडले आणि झाकण हातात आलं. नळ अजून चालूच होता.

कोणी म्हणेल, डिझेल टाकायचं होतं. टाका, आणि पुढचे कितीतरी दिवस त्या वासाच्या पाण्याने आंघोळ करा. जवसाचं तेलही नको. ते हवेत सुकून चिकट होतं, उलट डिंक लावल्यासारखं चिकटवतं. आम्ही आता चिंचेच्या कोळाने कड घासून, धुऊन, कोरडी करून गोडेतेलाचं बोट फिरवतो. दर आठवड्याला, कोरड्या दिवशी, म्हणजे टिपाड रिकामं करून घासायच्या दिवशी.

या कोरड्या दिवसावरूनच मला बोलायचं आहे. आरोग्यवाले सांगतात, पाणी झाकून ठेवा, आठवड्याला टाकी रिकामी करून घासा. बरोबरच आहे, डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. पण उघडं टिपाड दिसलं की बोलणी बसतात घरच्या बाईला: आळशी, अडाणी. अहो, जे झाकण काढायला दोन माणसं आणि हातोडा लागतो, ते ती एकटी दर वेळी लावेल कशाला? एकदा कसंबसं निघालं की भिंतीला टेकवून ठेवते. मीही तेच केलं असतं. आमच्या ओळीत अशी झाकणं भिंतीला टेकलेली दिसतात, आणि प्रत्येकाच्या कडेला छन्नीचे घाव आहेत. तपासायला येणाऱ्याने पाण्यात बॅटरी मारण्याआधी झाकण एकदा स्वतः उचलून पाहावं. जड, अडकणाऱ्या झाकणापेक्षा घट्ट बांधलेलं धोतराचं दुहेरी फडकं कधीही बरं.

आणखी एक, टिपाड औषधाचं किंवा केमिकलचं असेल तर त्यात पाणी भरूच नका, झाकण कितीही छान बसो.

काकांनी वाकवलेलं टिपाड आता गोठ्यात आहे, गुरांची ढेप ठेवायला. वर दगड ठेवावा लागतो, नाहीतर गाय थुतरीने झाकण बाजूला सारते.