शेणखत टाकलं म्हणजे तणनाशक संपलं, असं नाही

"मक्याला ॲट्राझिन मारलं असेल तर काळजी नको. एकरी दोन ट्रॉल्या शेणखत टाका, महिन्यात जमीन साफ, मग बिनधास्त कांदा लावा. कुठल्याही तणनाशकाला हा उपाय चालतो." लागवडीच्या तोंडावर निफाड-येवल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. मातीत उरलेलं ॲट्राझिन हे तणनाशक मक्याला सोसतं, कांद्याला नाही. मेसेजवर भरवसा ठेवून कुणाचं रोप वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी 'साफ'चं बघू. शेणखतातला सेंद्रिय कर्ब तणनाशक धरून ठेवतो. त्यामुळे ते मुळांना कमी लागतं, विहिरीकडे कमी झिरपतं. हा फायदा खरा आहे. शेणखत टाकायलाच हवं. पण धरलेलं म्हणजे संपलेलं नव्हे. ते मोडायचं काम मुख्यतः जिवाणूंचं. कुजलेल्या खताने जिवाणू वाढतात खरे, पण कर्बाला घट्ट चिकटलेला अंश त्यांच्याही हाती लवकर लागत नाही. म्हणून खत टाकल्यावर कुठे तणनाशक लवकर मोडतं, तर कुठे उलट जास्त दिवस टिकतं.

'महिन्यात' तर अजिबात नाही. ॲट्राझिन निम्मं व्हायलाच साधारण ६० दिवस धरतात. त्यात आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणाचं माप) बहुतेक ठिकाणी ७ च्या वर, आणि अशा जमिनीत ते आणखी सावकाश मोडतं. पावसाने ओढ दिली की जिवाणूही थंडावतात.

'कुठल्याही तणनाशकाला' हेही चूक. पेंडिमेथॅलिन कर्बाला घट्ट चिकटतं, मेट्रीब्युझिन सैल. पॅराक्वाट चिकणमातीच्या कणांनाच धरून बसतं. आणि भरपूर खत टाकून लगेच पेंडिमेथॅलिन फवारलं, तर तणावरचाच असर कमी पडू शकतो. वर कच्च्या खतातून तणाचं बी येतं ते वेगळंच.

खात्री लागवडीआधीच करा. मका काढलेल्या वावरातली वरची चार-पाच इंच माती पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एका कुंडीत भरा. दुसऱ्या कुंडीत ॲट्राझिन न पडलेली, तशाच पोताची माती घ्या. दोन्हींत काकडीचं बी लावून उन्हात ठेवा. उगवण चांगली दिसली म्हणून फसू नका, ॲट्राझिन बी उगवू देतं. दोन-तीन आठवडे थांबा. फक्त पहिल्या कुंडीत खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या, तर त्या वावरात यंदा कांदा नको, परत मकाच घ्या.