थरथरा, पण जागचे हलू नका

व्यायाम करायचं ठरलंय ना? मग आधी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानाचा विचार डोक्यातून काढा. पहाटे साडेपाचला कानटोपी घालून जायचं, ट्रॅकवर तीन फेऱ्या मारायच्या, त्यातली दीड फेरी मखमलाबादच्या प्लॉटचे भाव ऐकण्यात घालवायची, एवढा वेळ कुणाकडे आहे? पांडवलेणीचं तर नावच नको. पायऱ्या चढताना दम लागतो, आणि दम लागला की माणसाला उगाच आपलं वय आठवतं.

तुम्ही थरथरतं मशीन घ्या. वजनकाट्याने बाळसं धरावं तशी एक पाटी असते. खाली रबरी पाय, दोन बाजूंना ओढायच्या दोऱ्या, हातात रिमोट आणि वेगाचे ९९ टप्पे. शंभरावा का नाही, असं मी दुकानात विचारलं. विकणाऱ्या पोराने माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, "काका, दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, तासाभराचा व्यायाम होतो." कोणाचा, ते विचारू नका. किडनी स्टोन, पेसमेकर, गरोदरपण, सरकलेला मणका असलं काही असेल तर मशीनवर चढू नये, असं पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही मोठ्याने वाचू नका. पोराचं कमिशन बुडतं.

घरी आल्यावर पहिलं काम गणिताचं. ३० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३० हादरे, दहा मिनिटांत झाले १८ हजार. तुमचा साडू रोज दहा हजार पावलांचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकतो ना? टाका तुम्हीही तुमचा आकडा. तो गंगापूर रोड पालथा घालून येतो आणि तुम्ही सोफ्यापासून टीव्हीपर्यंतही गेलेला नाहीत, हे आकड्यात दिसत नाही.

गुडघे किंचित वाकवून उभे राहा, असंही पुस्तिका सांगते. ऐकू नका, वाकवलं की मांड्या भरून येतात. ताठ उभे राहा. मग हादरा गुडघ्यात न जिरता सरळ वर चढतो, दाढा वाजतात, चष्मा नाकावरून घसरतो आणि समोरच्या मालिकेतली सासू दोन-दोन दिसते. काहीतरी होतंय, अशी खात्री पटायला एवढं पुरे. हादऱ्याने स्नायू आपोआप आखडतात हे खरंच आहे. पण ज्यांना या मशीनचा थोडाफार फायदा झालेला दिसला, ते बहुतेक वयस्कर, अशक्त लोक होते आणि त्यातले बरेच जण पाटीवर उठाबशा काढत होते. उठाबशाच काढायच्या तर पाटी कशाला, असले क्षुद्र विचार मनात आणायचे नाहीत.

कुणी फारच डोकं खाल्लं तर इतिहास काढा. स्वीडनच्या डॉ. गुस्ताव झांडरने १८६५ मध्ये स्टॉकहोमला यंत्रांनी व्यायाम करवणारी संस्था काढली. मक्याच्या पोह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. केलॉग यांच्या अमेरिकेतल्या आरोग्यधामात थरथरणारी खुर्ची होती. (मिसळ त्यांच्यापर्यंत पोचली असती तर पोट हलवायला खुर्ची लागली नसती.) पॅरिसच्या डॉ. शार्को यांना त्यांचे कंपवाताचे रोगी सांगायचे, लांबचा आगगाडीचा नाहीतर घोडागाडीचा प्रवास झाला की बरं वाटतं. म्हणून त्यांनी हादरे देणारी खुर्चीच करून घेतली. १८९२ ची गोष्ट. त्या वेळी सिंहस्थासाठी खोदलेला आपला एखादा रस्ता आणि मागच्या चाकावरची सीट असलेली यष्टी हाताशी असती, तर बिचाऱ्यांचा सुताराचा खर्च वाचला असता.

एक गोष्ट मात्र निफाडच्या पाहुण्यांसमोर बोलू नका. त्यांचा ट्रॅक्टरवाला द्राक्षबागेत दिवसभर हेच हादरे फुकट खातो आणि रात्री कमरेला बाम चोळून घेतो. युरोपात २००२ साली नियमच केला: ट्रॅक्टर, जेसीबी चालवणाऱ्याच्या अंगात आठ तासांच्या हिशेबाने किती हादरा जाऊ द्यायचा याला मर्यादा, आणि तो कमी करायची जबाबदारी मालकाची. ट्रॅक्टरवाल्याचा हादरा आणि तुमचा हादरा यात मोठा फरक आहे. तुमचा बारा हप्त्यांत आलेला आहे.

टोरांटोच्या प्रयोगाचंही तसंच. रजोनिवृत्ती झालेल्या २०२ बायका घेतल्या, त्यातल्या काही जणींना वर्षभर रोज २० मिनिटं मंद थरथरत्या पाटीवर उभं केलं, बाकीच्यांना नाही. २०११ मध्ये निकाल छापून आला, हाडांच्या घनतेत काही फरक नाही. पण त्यांनी कुठे हप्ते भरले होते? श्रद्धा येणार कुठून!

शेजाऱ्यांची तयारी मात्र आधी करा. आमच्याकडे राहून गेली. पहिल्याच संध्याकाळी मी ४० नंबरला होतो. शोकेसमधले कपबशीचे सेट किणकिणत होते, मांडणीवरचं एक झाकण हळूहळू कडेला येत होतं. ते पडलं आणि त्याच वेळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू पायात चपला, हातात दागिन्यांचा डबा अशा दारात. पेठ-सुरगाण्याकडे अधूनमधून धक्के बसतात, त्यामुळे त्यांनी मुलाला दिंडोरी रोडच्या ‘मेरी’ या सरकारी संशोधन संस्थेत फोन लावायला सांगूनच जिना चढला होता. भूकंपाची नोंद तिथेच होते ना. मी पाटीवरूनच "क-क-काही नाही का-का-काकू" म्हणालो. त्यांना वाटलं, मला झटका आलाय. त्यांनी आधी डबा खाली ठेवला आणि मग माझ्या नाकाला कांदा लावला.

तीन महिन्यांनी माझं वजन दीड किलोने वाढलंय. थरथर झाल्यावर भूक सडकून लागते, आणि रविवारी मिसळीला जाताना "आज १८ हजार झालेत" म्हणून जिलबीची प्लेट निर्धास्त मागवता येते. मशीन विकायचं मात्र नाही, असं आमच्या हिने बजावलंय. पूर्वी डाळीचा डबा भरताना ती तो ओट्यावर आपटून आपटून डाळ बसवायची. आता डबा पाटीवर ठेवते, २५ नंबर लावते, अर्धा मिनिट थांबते. तूरडाळ चार बोटं खाली बसते आणि वर अर्धा किलो आणखी मावते. काल खालच्या काकू त्यांचा तांदळाचा डबा घेऊन आल्या होत्या.