‘जिना’ म्हणणाऱ्यांस

निनावी महोदय,

कळसूबाईवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘उंची चुकली आहे. पावसाळ्यात शनिवारी रात्री शिड्यांवर रांगा लागतात, कुणी घसरलं तर काय, त्यावर चकार शब्द नाही. फोटो उचललेले वाटतात. आणि शिड्या धरून चढणं म्हणजे ट्रेक नव्हे, तो सोसायटीचा जिना. घरबसल्या लिहिणाऱ्यांना हे कळायचं नाही.’

उंची १६४६ मीटर, माझ्याकडून १६६४ पडलं. चूक कबूल, दुरुस्त केली, आभार. एवढंच सांगितलं असतंत तर मीही हात जोडून गप्प बसलो असतो. पण आपल्याला चूक दाखवायची नव्हती, पाणउतारा करायचा होता. असो.

आता जिना.

माझी आजी अकोले तालुक्यातली. नवरात्रात तिनं मला पहिल्यांदा वर नेलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझ्या पायात स्लिपर, तिच्या पायात तेही नाही. पिशवीत ओटीचं सामान आणि दोन भाकरी. पायथ्याच्या बारी गावातून उजाडायच्या आत निघालो. वाटेत तिनं कळसूची गोष्ट सांगितली. कोळ्याची पोर, परक्या घरी कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस घरधन्यानं दोन्ही करायला लावलं. ती उठली, डोंगर चढली, परत उतरलीच नाही. भांडी घासली तो थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. हा शेवट आजीला फार आवडायचा. तिला स्वतःला दोन्ही कामं जन्मभर चुकली नाहीत.

शिडीपाशी आजीनं पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला, लुगडं खोचलं आणि चढली. पुढे तिच्याहून म्हाताऱ्या बाया होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या होत्या. शिड्या त्यांच्यासाठी आहेत साहेब, तुमच्या महागड्या बुटांसाठी नव्हेत. ‘ट्रेक’ हा शब्द बारीत पोचायच्या कितीतरी आधीपासून लोक देवीला जातायत. त्यांच्या वाटेला जिना म्हणायची हौस असेल तर आधी अनवाणी चढून दाखवा.

आणि ‘घरबसल्या’? अकरा वेळा गेलोय. उतरताना गुडघे मोजून सांगतात. माथ्यावरून अलंग-मदन-कुलंग हे किल्ले कुणीही बोटानं दाखवतो. तुम्ही पट्टा किल्ला ओळखून दाखवा. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज तिथं विसावले, म्हणून तो विश्रामगड. माझ्या लेखात हे आहे. तुम्ही तिथवर वाचलंत का, शंकाच आहे.

रांगेचं म्हणाल तर शनिवारी गर्दी होते हे मला नवीन नाही. गेल्या जुलैत मीच पाऊण तास शिडीखाली भिजत उभा होतो, वरच्या पोराचा पाय दोनदा सटकलाही. पण तो निराळा विषय आहे. सवड झाली की बघू.

फोटोंचं राहिलं. तिसऱ्या फोटोत शिडीच्या डावीकडे निळा रेनकोट दिसतो, उजवी बाही उसवलेली. तो माझा. अजून शिवलेला नाही.