उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे

ऐरोलीला बहिणीकडे गेले होते. भाची दहावीत आहे, विज्ञान भाग २ मधला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा वाचत होती. मध्येच म्हणाली, "मावशी, ताऱ्यांची उत्क्रांती, मोबाइलची उत्क्रांती, माणसाची उत्क्रांती. सगळं एकच का गं?" मी घाईत "हळूहळू होणारी प्रगती" म्हणून मोकळी झाले. ते चूक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला खाडीवर नेलं.

तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या एका झाडाचं, पान तोडून दिलं. वर मिठाचे बारीक कण. तिने जीभ लावली, "ई, खारट!" मुळांतून आत आलेलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. एकाही झाडाने हे ठरवून केलेलं नाही. दर पिढीत रोपारोपांत थोडा फरक असतो. खारट चिखलात ज्यांचा निभाव लागला त्यांचंच बी पुढे रुजलं, आणि असं असंख्य पिढ्या चाललं. तिवर आंब्याच्या पुढे गेला, असं मात्र नाही. आंबा या चिखलात जगणार नाही, एवढंच.

ताऱ्याचं तसं नाही. सूर्य साधारण ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, पण ते एकाच ताऱ्याचं आयुष्य झालं. त्यात पिढ्या नाहीत, टिकणाऱ्यांची निवड नाही. मोबाइल तर माणसं डोकं लावून बदलतात.

'इव्होल्यूशन'चा लॅटिन अर्थ गुंडाळी उलगडणे. डार्विनच्या १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये हा शब्द नाहीच, फक्त शेवटचा शब्द 'इव्हॉल्व्ह्ड' आहे. 'इव्होल्यूशन' आला तो १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. आपल्या शब्दात मात्र 'उत्' आहे, उत्कर्षातला, उन्नतीतला. ऐकणाऱ्याला आपोआप चढण दिसते. मग कुणीतरी एखाद्या आदिवासी पाड्याबद्दल "ते अजून उत्क्रांत झाले नाहीत" असं बिनदिक्कत बोलून जातं. मला याचा मनापासून राग येतो. पाड्यावरचा माणूस आणि टॉवरमधला माणूस, दोघांच्या मागे तेवढ्याच काळाची उत्क्रांती आहे.

शब्द बदला असं मी म्हणत नाही, तो रुळलाय. पण विज्ञान शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती, हा धडा घ्याल तेव्हा मुलांना एकदा खाडीवर न्या. ठाण्यात, नवी मुंबईत ती हाकेच्या अंतरावर आहे. फक्त पावसाळा सोडून जा, पावसात पानांवरचं मीठ धुऊन जातं.