घाऊक व्यापाऱ्याची पत टंचाईत कळते

घाऊक व्यापारात विश्वास कसा मिळवायचा, हा विषय निघाला की बोलणं लगेच ओळखीपाळखीवर येतं. जुने संबंध, गोड बोलणं, अधूनमधून फोन. खरेदीच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय : ओळख वेगळी आणि विश्वास वेगळा. माल मुबलक असतो, भाव स्थिर असतो, तेव्हा सगळेच व्यापारी सज्जन असतात. माल कमी पडला की तो कोणाला किती देतो आणि ते कधी सांगतो, त्यावरून माणूस कळतो.

2020 नंतर इलेक्ट्रॉनिक चिपची जी टंचाई झाली ती आठवा. गाड्यांचे कारखाने एवढ्याशा सुट्या भागासाठी अडून बसले. अशा वेळी एक ठरलेला खेळ सुरू होतो. ज्याला शंभर नग हवेत तो तीन ठिकाणी तीनशेची ऑर्डर टाकतो, कारण मागितल्यापेक्षा कमीच मिळणार हे त्याला ठाऊक असतं. घाऊकवाल्याला वाटतं मागणी तिप्पट झाली, तो उत्पादकाकडे आणखी फुगवून मागतो. टंचाई सरली की या ऑर्डरी रातोरात रद्द होतात आणि माल गोदामात पडून राहतो. पुरवठा साखळीचे अभ्यासक हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हीच साखळी नीट मांडून दाखवली. त्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण होतं. बाळं डायपर जवळपास एकाच गतीने वापरतात, तरी कारखान्याकडे जाणाऱ्या ऑर्डरी मात्र भयंकर वरखाली होत होत्या. टंचाईत फुगवून मागणं हे त्यामागच्या चार कारणांपैकी एक.

यावर घाऊक व्यापाऱ्याच्या हातात एक साधा उपाय असतो, आणि माझ्या मते विश्वासाचं निम्मं काम तिथेच होतं. आज कोण किती मागतोय यावर वाटप करायचं नाही. मागच्या वर्षभरात ज्याने जेवढा माल खरोखर उचलला, त्या प्रमाणात द्यायचा. आणि हा नियम टंचाई येण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवायचा. मग फुगवून मागण्यात अर्थच उरत नाही. छोट्या गिऱ्हाइकालाही आपल्या वाट्याचं येणार याची खात्री असते. भाव वाढला तर वाढवा, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही, आधी कळवलं की झालं. पण एकदा पक्की केलेली ऑर्डर, दुसरा चार पैसे जास्त देतोय म्हणून फिरवणारा व्यापारी मी माफ करू शकत नाही. त्याने माझा माल विकला एवढंच नाही, मी माझ्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही त्याने विकलेला असतो.

दुसरी गोष्ट वाईट बातमीची. अशाच एका टंचाईत आमचे दोन घाऊक पुरवठादार होते. एकाचा सकाळीच फोन आला. उत्पादकाकडून माल निघालेलाच नाही, तुमच्या ऑर्डरमधल्या अमुक तीन वस्तू येणार नाहीत, बाकीच्या येतील. एका वस्तूला दुसऱ्या कंपनीचा पर्याय आहे, पण त्याचं माप किंचित वेगळं आहे, आधी नमुना बसवून बघा. दुसरा मात्र रोज सांगत राहिला, “निघालाय, रस्त्यातच आहे.” माल दोघांचाही उशिरा आला. पहिल्याच्या फोनमुळे आम्ही कामाचा क्रम बदलला आणि निभावलं. दुसऱ्याच्या आश्वासनावर माणसं बसवून ठेवली. दोघांचा भाव सारखाच होता, पण त्यानंतर ऑर्डर कोणाकडे जात राहिली हे वेगळं सांगायला नको.

आता प्रत्यक्ष मालाबद्दल. गिऱ्हाइकाने कारखाना पाहिलेला नसतो आणि कारखान्याने गिऱ्हाईक. मधला माणूस म्हणतो तोच माल, हे मानून सगळं चालतं. म्हणून कागदपत्र आणि वस्तू यांची गाठ त्याने तुटू द्यायची नसते. पोलाद घ्या. कारखान्यात प्रत्येक ओतणीला एक हीट नंबर मिळतो. तो पट्टीवर किंवा प्लेटवर उमटवलेला असतो आणि चाचणी प्रमाणपत्रावरही असतो. युरोपीय मानक ईएन 10204 मधलं 3.1 प्रकारचं प्रमाणपत्र म्हणजे त्याच मालाचे प्रत्यक्ष चाचणीचे आकडे. घाऊकवाला लांब प्लेट कापून तुकडे विकतो तेव्हा नंबर एकाच तुकड्यावर राहतो. चांगला व्यापारी कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घेतो. पाच मिनिटांचं काम. ते टाळलं तर उरलेल्या तुकड्यांसोबतचं प्रमाणपत्र नुसता कागद होतो, आणि उद्या त्यातला एखादा तुकडा दाबाखालच्या टाकीला लागणार असतो.

फरशांच्या खोक्यावर शेडचा आणि मापाचा क्रमांक छापलेला असतो, एका खोलीसाठी एकाच क्रमांकाची खोकी देणं हाही त्यातलाच प्रकार. औषधात तर पर्यायच नाही. 2 ते 8 अंशांत ठेवायचं औषध वाटेत तापलं तर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून पेटीतली तापमानाची नोंद मालासोबत दाखवणारा वितरकच खरा. युरोपीय संघात 9 फेब्रुवारी 2019 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पाकिटावर स्वतंत्र क्रमांक असतो, तो खोटी औषधं ओळखता यावीत म्हणून. आणि टंचाईत चिपच्या बाजारात काय येतं? भंगारातल्या बोर्डावरून काढलेल्या जुन्या चिप, वरचा छाप घासून नव्याने छापलेल्या. तेव्हा “माल कुठून आला” या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नये.

पुरवठादाराच्या बाजूने फार कमी लोक बोलतात, याची मला खरंच खंत वाटते. घाऊकवाला उत्पादकाला दाबतो आणि त्याला हुशारी म्हणतो. ठरलेल्या तारखेला पैसे न देणं, बिलातून कारण न सांगता रक्कम कापणं, न खपलेला माल परत ढकलणं. छोटा उत्पादक यातच बुडतो, कारण कच्चा माल त्याने रोखीत घेतलेला असतो. युरोपात 2011 च्या निर्देशानुसार धंद्याधंद्यांतली पैसे देण्याची मुदत साधारण 60 दिवसांपलीकडे जाऊ नये, स्पष्ट करार असेल आणि तो अन्यायकारक नसेल तरच जावी, असा नियम करावा लागला. कायद्याची वेळ यावी इतकं हे दुखणं जुनं आहे. तारखेला पैसे देणाऱ्याला टंचाईत माल आधी मिळतो, हे उत्पादक तोंडाने सांगत नाही, पण ट्रक कुठे वळतो ते बघा. त्याहूनही मोलाचं म्हणजे खरी विक्री सांगणं. आपण किती माल उचलला यापेक्षा आपल्या गोदामातून पुढे किती गेला, हा आकडा उत्पादकाला द्यावा. आपले पत्ते कशाला उघडे करा, असं अनेकांना वाटतं. पण तो आकडा न मिळाल्यामुळेच तो अंदाजाने माल बनवतो, आणि त्याचा फटका फिरून आपल्यालाच बसतो.

अनोळखी देशातल्या अनोळखी माणसाशी व्यवहार असेल तर बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिली की विकणाऱ्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, आहेच. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे त्याबाबतचे नियम 1933 पासून आहेत, सध्याचे यूसीपी 600 हे 2007 पासून. पण त्यातली एक ओळ नवख्यांना माहीत नसते : बँक कागदपत्रं तपासते, माल नाही. कागद बरोबर असले तर खोक्यात काहीही निघो, पैसे जातात. म्हणून माल जहाजात चढण्याआधी तिऱ्हाइताकडून तपासून घ्यायची पद्धत आहे. 1878 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या एसजीएस या तपासणी कंपनीचं मूळ कामही बंदरातल्या धान्याची तपासणी हेच होतं. पहिल्या दोन-तीन खेपांना हा खर्च करावाच. पुरवठादाराला राग येतो असं वाटत असेल तर त्याला स्पष्ट विचारा, ज्याचा माल चांगला असतो तो बहुतेक वेळा तपासनीसाला स्वतःच बोलावतो.

आणि खरेदीदारांनो, आपल्याकडेही बघा. दुसऱ्याचा भाव काढण्यासाठी खोटी चौकशी, शेवटच्या दिवशी रद्द केलेली ऑर्डर, माल उतरवून घेतल्यावर आठवडाभराने केलेली “कमी भरला” ही तक्रार. माल उतरतानाच मोजा, फाटलेल्या खोक्याचा फोटो लॉट नंबरसह त्याच दिवशी पाठवा. माझ्या अनुभवात अशा तक्रारीवर वाद होत नाही, पुढच्या गाडीत बदली माल येतो.