नाव बदललं म्हणून रॉ फाइल टिफ होत नाही

दांडिया बाजारातल्या आपल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी फोटो मागवल्यापासून ग्रुपवर एक निरोप फिरतोय: ‘रॉ फाइलचं एक्स्टेंशन बदलून टिफ करा, छापायला तयार!’ तसं होत नाही. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने साठवलेली कच्ची, प्रक्रिया न झालेली फाइल; टिफ म्हणजे तयार फोटोची फाइल; आणि एक्स्टेंशन म्हणजे फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट. गोंधळाचं कारण मात्र गमतीशीर आहे. निकॉन कॅमेऱ्याच्या नेफ या रॉ फाइलची आतली मांडणी टिफसारखीच असते. म्हणून नाव बदलल्यावर ती कधीकधी उघडतेही, पण दिसतं ते आतलं टिकलीएवढं थंबनेल, म्हणजे फोटोची छोटी झलक. खरा फोटो अजून कच्चाच: सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग. लाइटरूम किंवा फुकटच्या डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये तो डेव्हलप करून, म्हणजे त्याचा पूर्ण रंगांचा फोटो बनवून, मगच टिफ एक्सपोर्ट करा. पूर्ण ए४ पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. सीएमवायकेच्या (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीच्या) भानगडीत पडू नका. प्रेसवाल्यांचं रंग-प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात याची नोंद) त्यांनाच ठाऊक.