अमेरिका सरकारच्या मदतीशिवाय मोठी झाली, हे खरं नाही

‘अमेरिका मोठी कशी झाली?’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा पश्चिम भाग ओसाड पडला होता. कष्टाळू माणसं तिथं गेली आणि सरकारकडे एक पैसाही न मागता त्यांनी तिथं शेती फुलवली. रेल्वे खाजगी भांडवलावर उभी राहिली. कारखाने खुल्या बाजारात वाढले. नफा वाढत गेला तशी कामगारांची स्थिती आपोआप सुधारली आणि उरलंसुरलं काम उद्योगपतींच्या दानधर्मानं केलं. शेवटची ओळ आपल्यासाठी आहे: ‘म्हणून आपल्याकडेही अनुदानं आणि कामगार कायदे बंद करा.’

अनुदानं असावीत की नसावीत, यावर जरूर वाद घालावा. माझा आक्षेप पुढं केलेल्या पुराव्याला आहे. इतिहास म्हणून जे सांगितलंय त्यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि या प्रगतीची किंमत ज्यांनी मोजली ती माणसं त्या मजकुरात कुठंच नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जमीन ओसाड होती’

जॉर्जिया राज्यातलं न्यू एकोटा हे गाव चेरोकी या मूळ रहिवासी लोकांची राजधानी होतं. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसानं १८२१ च्या सुमारास स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली. १८२७ साली चेरोकींनी लेखी राज्यघटना स्वीकारली आणि १८२८ पासून न्यू एकोटातून दोन भाषांतलं वर्तमानपत्र निघू लागलं. त्यांची शेती होती, गिरण्या होत्या, न्यायालय होतं. १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत. तरीही १८३८ साली लष्करानं त्यांना घराघरांतून बाहेर काढलं, आधी छावण्यांत डांबलं आणि मग शेकडो मैल दूर, आजच्या ओक्लाहोमात नेलं. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास माणसं यात दगावली, असा अंदाज आहे. हे कुणा टोळीचं काम नव्हतं. १८३० साली संसदेनं संमत केलेल्या कायद्यानुसार, सरकारी खर्चानं हे घडलं.

असं रिकामं केलेल्या दक्षिणेतल्या मुलखात कापूस पिकू लागला, आणि तो गुलामांच्या हातांनी. १८६० साली अमेरिकेत जवळपास चाळीस लाख माणसं गुलामगिरीत होती आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. या कापसाचं वजन किती होतं, ते मुंबईनं स्वतः अनुभवलंय. यादवी युद्धात अमेरिकी कापूस अडकला तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा तो प्रसिद्ध फुगा फुगला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो फुटला.

पश्चिमेकडे सरकलं तरी चित्र तेच दिसतं. १८६८ च्या करारानं ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश सू या मूळ रहिवासी लोकांसाठी राखून ठेवला होता. १८७४ साली कस्टर या सेनाधिकाऱ्याच्या लष्करी मोहिमेनं तिथं सोनं असल्याचं सांगितलं आणि १८७७ साली संसदेनं कायदा करून तो प्रदेश काढून घेतला. १९८० साली अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयानं या जमिनीची भरपाई देणं सरकारला भाग असल्याचं मान्य केलं. व्याजासह ती रक्कम दहा कोटी डॉलरांच्या वर गेली. सू लोकांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना जमीनच परत हवी आहे. जिच्यावर आजही हक्क सांगणारी माणसं हयात आहेत, तिला ओसाड म्हणणं मला पटत नाही.

‘वस्तीकरांनी सरकारकडे काही मागितलं नाही’

वस्तीकरांचे कष्ट खरे होते, ते कुणी नाकारू नयेत. नेब्रास्का-कॅन्ससच्या माळरानावर लाकूड मिळेना म्हणून लोकांनी मुळांसकट गवताची ढेकळं कापून घरं बांधली. टोळधाड आली, दुष्काळ आले, कित्येकांनी अर्ध्यावर गाशा गुंडाळला.

पण त्यांच्या पायाखालची जमीन कुणी दिली? २० मे १८६२ रोजी लिंकननी होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखानं किंवा एकवीस वर्षं पुरी झालेल्या व्यक्तीनं किरकोळ शुल्क भरायचं, पाच वर्षं राहून जमीन कसायची, आणि १६० एकर स्वतःच्या नावावर करून घ्यायची. एकट्या बाईलाही हा हक्क होता. या कायद्याखाली पुढं सुमारे १६ लाख खातेदारांना एकूण २७ कोटी एकर जमीन मिळाली. म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या साडेतीन पट.

या वाटपामागे मोजणीची भली मोठी सरकारी यंत्रणा उभी होती. १७८५ च्या वटहुकमानुसार सगळा मुलूख सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत आखला जाई. प्रत्येक चौकोनाचे ६४० एकरांचे छत्तीस भाग पडत आणि त्यांतला सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवत. होमस्टेडचे १६० एकर म्हणजे अशा एका भागाचा चतकोर. वस्ती पडण्याआधीच शाळेची जागा आखलेली असे, आणि मला या साऱ्या यंत्रणेतली ही सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते. याच १८६२ मध्ये शेतीखातं सुरू झालं आणि राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्येची महाविद्यालयं उभी करण्याचा मॉरिल कायदाही झाला.

इतकी मदत आजवर क्वचितच कुठल्या शेतकऱ्याला मिळाली असेल. ती चांगली होती असंही म्हणता येईल. पण ती मिळालीच नाही, हे म्हणता येणार नाही.

‘रेल्वे खाजगी भांडवलावर झाली’

मजकुरातलं हे विधान सर्वांत जास्त विश्वासानं केलंय आणि तेच सर्वांत कच्चं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

मध्य भाग ओलांडून पॅसिफिक किनाऱ्याशी जोडणारी पहिली रेल्वे १ जुलै १८६२ च्या कायद्यानं सुरू झाली. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक, पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक. सरकारनं दर मैलामागे रोखे दिले: सपाटीवर १६,००० डॉलर, मधल्या पठारी भागात ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन कंपनीच्या मालकीचे. १८६४ साली ही जमीन दुप्पट केली. डोंगर कुठं सुरू होतो यावर पैसे ठरत असल्यानं सेंट्रल पॅसिफिकनं सिएरा नेवाडाचा पायथा सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, बऱ्यापैकी सपाट जमिनीत, असल्याचं भूगर्भतज्ज्ञाकडून लिहून घेतलं. लिंकननी ते मान्य केलं. त्या मैलांचा दर तिप्पट झाला.

रोखे हे कर्ज होतं आणि शतक संपताना त्याचा हिशेब मिटवला गेला, हे सांगायलाच हवं. पण ज्या काळात एकही सावकार वाळवंटातल्या रुळांवर पैसे लावायला धजत नव्हता, त्या काळात सरकारनं स्वतःची पत मागं उभी केली. जमीन तर परत घ्यायची नव्हतीच. केंद्र सरकारनं रेल्वे कंपन्यांना एकूण दिलेली जमीन सुमारे १३ कोटी एकर भरते. यातून लाचखोरीही झाली. युनियन पॅसिफिकच्याच चालकांनी काढलेल्या ‘क्रेडिट मोबिलिए’ या कंत्राटदार कंपनीचे शेअर खासदारांमध्ये वाटल्याचं १८७२ साली उघड झालं.

यावर एक उत्तर हटकून येतं: जेम्स हिलच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं १८९३ साली संघराज्याची जमीन न घेता सिअ‍ॅटल गाठलं. हिल कसलेला रेल्वेवाला होता आणि त्याचा मार्ग काटकसरीचा होता, यात शंका नाही. पण त्यानं धंदा सुरू केला तो मिनेसोटातली एक बुडीत रेल्वे विकत घेऊन, आणि तिच्या मालमत्तेत देणगीच्या जमिनी होत्याच.

आणि रूळ टाकले कुणी? सेंट्रल पॅसिफिकचे बहुसंख्य मजूर चिनी होते. सिएरातला १,६५९ फुटांचा शिखर बोगदा त्यांनी अखंड ग्रॅनाइटमधून हातानं छिद्रं पाडून, सुरुंग लावून काढला. पुष्कळदा दिवसाकाठी फूटभरही सरकता येत नसे. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फ इतकं पडलं की राहण्याच्या जागेपासून कामापर्यंत बर्फातून भुयारं खणून ये-जा चालली होती, आणि हिमकडे कोसळून माणसं गाडली गेली. गोऱ्या मजुराला पगाराबरोबर जेवणही मिळे, चिनी मजुराला ते स्वतःच्या पैशानं घ्यावं लागे. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी बरोबरीचा पगार आणि कमी तास मागत शांतपणे काम थांबवलं. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरनं त्यांचा शिधा बंद केला. आठवड्याभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी युटामध्ये प्रॉमंटरी इथं सोन्याचा खिळा ठोकला गेला. तेरा वर्षांनी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला.

‘कारखाने खुल्या बाजारात वाढले’

हा मुद्दा थोडक्यात आटपतो, कारण यात वादाला फार जागा नाही. यादवी युद्धापासून १९१३ पर्यंत अमेरिका जगातल्या सर्वाधिक आयातकर लावणाऱ्या देशांपैकी होती. करपात्र मालावर सरासरी चाळीस ते पन्नास टक्के कर असे. ब्रिटिश पोलादी रुळांवर १८७० साली टनाला २८ डॉलर कर बसला. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींचा ब्रॅडॉकचा पोलाद कारखाना १८७५ साली सुरू झाला, तो याच भिंतीच्या आड. त्याआधी ३६३ मैलांचा ईरी कालवा न्यूयॉर्क राज्यानं सरकारी पैशातून बांधला (१८१७ ते १८२५). मॉर्सची पहिली तारही १८४४ साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला धावली ती संसदेनं दिलेल्या ३०,००० डॉलरांवर.

संपाच्या वेळीही सरकार तटस्थ राहिलं नाही. १८७७ च्या रेल्वे संपात राष्ट्राध्यक्ष हेज यांनी आणि १८९४ च्या पुलमन संपात क्लीव्हलँड यांनी लष्कर धाडलं.

‘सुधारणा आपोआप झाल्या’

त्या काळात मजुरीची खरी किंमत वाढली, हे बरोबर आहे. पण मजुरी वाढणं आणि माणूस कामावरून जिवंत घरी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २५ मार्च १९११ चा शनिवार पाहा. न्यूयॉर्कमधला बायकांचे ब्लाउज शिवणारा ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना तोट्यात नव्हता, मालक त्या धंद्यातले मातब्बर होते. दहा मजली इमारत जेमतेम दहा वर्षांची, आगीला न जुमानणारी म्हणून बांधलेली. संध्याकाळी सुटीच्या वेळी आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावर शिवणयंत्रांच्या लांब रांगा होत्या आणि जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं, मुलींच्या पिशव्या तपासूनच त्यांना बाहेर सोडता यावं म्हणून. बाहेरचा लोखंडी जिना भारानं कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ जण गेले, बहुतेक इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या तरुण मुली. इमारत शाबूत राहिली, ती आजही उभी आहे. नफा होता, इमारत नवी होती, आणि दार तरीही बंद होतं. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

दोनच वर्षांपूर्वी, १९०९ च्या हिवाळ्यात, याच धंद्यातल्या हजारो मुली संपावर उतरल्या होत्या. ट्रँगलच्या मालकांनी संघटनेला मान्यता देण्याचं नाकारलं होतं. आग लागल्यावर मात्र न्यूयॉर्क राज्यानं चौकशी आयोग नेमला, आणि दारं, जिने, पाण्याचे फवारे, कामाचे तास यांवर एकामागून एक कायदे झाले. त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून मुलींना उड्या टाकताना पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. १९३३ साली त्या देशाच्या मजूरमंत्री झाल्या.

‘आपोआप’ म्हणणाऱ्यांनी कामगारांसाठी लढणाऱ्या फ्लोरेन्स केली यांची वाटचालही पाहावी. शिकागोतल्या जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउस या गरीब वस्तीतल्या सेवाकेंद्रात राहून त्यांनी घराघरांतल्या शिवणकामाच्या कोंदट खोल्या तपासल्या. १८९३ साली इलिनॉयनं बायकांसाठी आठ तासांचा दिवस ठरवला आणि केली मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो आठ तासांचा नियम रद्द केला. १९०० च्या खानेसुमारीत दहा ते पंधरा वयाची साडेसतरा लाख मुलं कामावर नोंदली गेली. बालमजुरीवरचा देशव्यापी कायदा १९१६ साली झाला आणि १९१८ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. दुसरा १९२२ साली पडला. टिकला तो १९३८ चा, पर्किन्स मंत्री असताना झालेला. केली तोवर वारल्या होत्या.

या लढ्यातल्या बहुतेक बायकांना मताचा अधिकारही नव्हता. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी मराठीत त्या देशाविषयी पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या बायकांच्या संघटनांबद्दल त्यांनी भरभरून लिहिलंय. मत नसलेल्या बायका सभा, वर्गणी आणि वर्तमानपत्रं यांच्या जोरावर काय करू शकतात, हे मराठी वाचकाला तेव्हाच कळलं होतं.

‘उद्योगपतींच्या दानधर्मानं काम झालं’

कार्नेगींनी अमेरिकेत सोळाशेहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांना पैसे दिले. फार मोठं काम आहे, आणि ती ग्रंथालयं लाखो लोकांच्या उपयोगी पडली. पण पेनसिल्वेनियातल्या होमस्टेड गावचंच उदाहरण घ्या. १८९२ साली तिथल्या त्यांच्या पोलाद कारखान्यात कामगारांना बाहेर ठेवून टाळेबंदी केली. कंपनीनं बोलावलेले पिंकर्टन या खाजगी पहारा कंपनीचे तीनशे सशस्त्र पहारेकरी नदीतून आले आणि चकमकीत दोन्ही बाजूंची माणसं मेली. मग राज्याचं सैन्य उतरलं आणि संघटना मोडून निघाली. १८९८ साली गावाला देखणं ग्रंथालय मिळालं. कारखान्यात मात्र बारा तासांची पाळी चालू होती, आणि दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल होताना सलग चोवीस तास भट्टीपुढं काढावे लागत. बारा तासांनंतर पुस्तक हातात धरायचं त्राण कुणात उरत असेल? अमेरिकी पोलाद उद्योगानं आठ तासांची पाळी मान्य केली ती १९२३ साली, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी जाहीरपणे दबाव आणल्यावर.